स्क्रीन बंद केल्यावर

मला पटकन कशाचं कौतुक वाटत नाही. आई म्हणते, हिच्यापुढे आकाशातला चंद्र आणून ठेवला तरी ही विचारेल, जरा वाकडा नाही का वाटत? ते खरंच आहे. तरी कॉलेजच्या पहिल्या वर्षी, वेब डिझाइनच्या पहिल्याच तासाला, मी भर वर्गात "अगं बाई!" असं ओरडले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

झालं होतं एवढंच. सरांनी आम्हाला साधं नोटपॅड उघडायला लावलं होतं, ज्यात अक्षर ठळकसुद्धा करता येत नाही. त्यात एक टोकदार कंस टाकायचा, आत एक अक्षर आणि एक आकडा लिहायचा, कंस बंद करायचा, मग आपलं काय वाट्टेल ते वाक्य आणि शेवटी पुन्हा तसाच कंस. मी डबा विसरून आले होते, म्हणून लिहिलं, 'मला भूक लागली आहे.' फाइल सेव्ह केली, ब्राउझरमध्ये उघडली आणि बघते तर काय! ज्या खिडकीत जगभरची वर्तमानपत्रं येतात, बँका येतात, सरकारं येतात, त्याच खिडकीत टपोऱ्या अक्षरात माझी भूक येऊन बसली होती. अंगावर काटा आला माझ्या, खोटं नाही सांगत.

"आता कुठल्याही मोठ्या पानावर जा," सर म्हणाले, "उजवं बटण दाबा आणि त्याचा सोर्स, म्हणजे मागचं मूळ लिखाण, बघा."

मी बघितला. वरून एवढं झुळझुळीत दिसणारं पान आणि त्याच्या पोटात तेच कंस! माझ्या भुकेला लावलेला कंस त्यांच्या मुख्य बातमीलाही होता. कुणी काही लपवून ठेवलेलंच नव्हतं. इतकी वर्षं मी ही पानं बघत होते आणि ती सगळी अशी उघडीच होती.

"एवढंच असतं होय?" शेजारच्या खुर्चीवरचा लांबू म्हणाला. "मला वाटलं काहीतरी मोठं असेल."

"एवढंच असतं म्हणूनच मोठं आहे, गाढवा," मी म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलतो.

सर बारीक, हळू बोलणारे, आणि त्यांचं एकच पालुपद: उघडलेला कंस बंद करा. दिवसातून इतक्या वेळा ते 'कंस, कंस' म्हणायचे की आठवड्याभरात वर्गानं त्यांचं नाव कंसमामा ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कंस काढताना स्वतःच म्हणाले, "मामा म्हणा, हरकत नाही, पण बंद करा." तर असे सर.

आता ताईबद्दल सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिच्यामुळे आहे.

ताई माझ्याहून बरीच मोठी. मी दप्तर पाठीला लावत होते तेव्हा ती रेडिओवर नोकरी करत होती. तिथल्या नाटकांना लागणारे आवाज ती गोळा करायची. दार करकरतं, बोट धक्क्याला लागते, कुणीतरी ओल्या वाळूवरून चालत येतं, हे सगळं ताईचं. रेकॉर्डिंगचं मशीन खांद्याला लटकवून ती गावभर फिरायची. लोखंडी पूल बोटींसाठी वर उचलला जातो तो आवाज, बर्फाच्या कारखान्यात लादी फुटते तो, जुन्या लिफ्टचं दार आपटतं तो. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायची आणि मी बडबडले की तोंडावर बोट ठेवायची. "घाईबाई, जरा थांब," म्हणायची. "आवाज संपल्यावरही थोडा वेळ चालू असतो. तो ऐक." घरात माझं ते नावच पडलं, घाईबाई.

तीन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला. त्यातून ताई वाचली, तिचे डोळे वाचले नाहीत.

त्यानंतर ती घरात बसली. बोलायची, हसायची, पण मशीन कपाटात गेलं ते गेलंच. नोकरी सुटली. आई औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. ती कामावर जाताना सगळं ताईच्या हाताशी ठेवून जायची आणि येताना दारातूनच सांगायला लागायची: आज ऊन आहे, समोरच्यांनी दाराला रंग दिला, तू निळा सदरा घातलायस. ताई "हो का?" म्हणायची. तिनं काही विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं: "सगळं आहे तस्संच आहे गं." मलाही तिची सक्त ताकीद होती की ताईला वाईट वाटेल असं काही सांगायचं नाही.

एक गोष्ट मात्र ताईनं आमच्या कुणाच्या मदतीशिवाय मिळवली होती. तिच्या कॉम्प्युटरवर एक वाचक होता, म्हणजे स्क्रीनवरचं लिहिलेलं मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम. ताईनं त्याचा वेग इतका वाढवला होता की मला नुसती किरकिर ऐकू यायची आणि ती मात्र त्या किरकिरीत पेपर वाचून हसायची. तोवर मला ती एक गंमत वाटत होती.

मग शहराच्या मोठ्या ग्रंथालयात आवाजांचा विभाग सुरू होणार अशी बातमी आली. जुन्या ध्वनिमुद्रणांची देखभाल करायला आणि नवीन गोळा करायला एक माणूस हवं होतं. इच्छुकांनी आपल्या कामाचं एक वेब पान करून त्याचा पत्ता पुढच्या शुक्रवारपर्यंत पाठवायचा. ही बातमी ताईनंच मला वाचून दाखवली, म्हणजे वाचकाला हळू करून ऐकवली.

"पाठव की!" मी म्हटलं.

"पान कोण करणार?"

"मी कॉलेजात काय माशा मारायला जाते? मी करते!"

ताईच्या चेहऱ्यावर मला काहीतरी हललेलं दिसलं. तिनं कपाटाकडे तोंड वळवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी हवंसं वाटत होतं.

मग काय विचारता! मी जे काही केलं त्याला तोड नाही. चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये अख्खं पान रंगवलं. मागे पुलाचा गडद फोटो, त्यावर चंदेरी अक्षरं. मला हवी ती अक्षरं ब्राउझरमध्ये येईनात, तर म्हटलं नाही येत ना, मरू दे, अक्षरांचंही चित्रच करते! ताईचं नाव चित्र, तिची माहिती चित्र, 'ऐका' हे बटण चित्र. सगळ्याचे तुकडे केले आणि पानावर चिकटवले. वर्गात दाखवलं तर लांबूनं टाळ्या वाजवल्या. सर मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले.

"देखणं आहे," ते म्हणाले. "वाचता येतं का?"

आता एवढी मोठी चंदेरी अक्षरं समोर असताना हा काय प्रश्न? "न यायला काय झालं?" मी म्हटलं. तेवढ्यात कुणाचा तरी कॉम्प्युटर बंद पडला आणि सर तिकडे गेले.

घरी आले ती पळतच. ताईला खुर्चीवर बसवलं, पान उघडलं, म्हटलं, ऐक आता. ताईनं कळ दाबली.

"चित्र," वाचक म्हणाला. "फायनल नवीन. चित्र. फायनल नवीन दोन. चित्र. खरंच फायनल. चित्र. खरंच फायनल हेच घे."

मी घाईघाईत फाइलींना दिलेली नावं होती ती! ताई आधी खो खो हसली. मलाही हसू आलं. मग तिनं पुन्हा कळ दाबली, पुन्हा, खालपर्यंत गेली, वर आली. तिचं नाव कुठे नव्हतं. पूल नव्हता, लिफ्ट नव्हती. 'ऐका' हे बटण 'बटन कॉपी कॉपी' असं बोललं. त्या पानाला ना शेंडा होता ना बुडखा. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे हे सगळ्यांना दिसतं," ती म्हणाली. "फक्त मलाच नाही."

"अगं पण मी सांगते ना काय लिहिलंय! सगळं बरोबर लिहिलंय!"

"लिहिलं असशील गं."

"मग? विश्वास नाही माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे." तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "पण रेडिओवर असताना, स्वतः ऐकल्याशिवाय एक आवाज मी पुढे पाठवला नाही. आता तीन वर्षं सगळे मला सांगतायत. ऊन आहे सांगतात, सदरा निळा आहे सांगतात. मी हो म्हणते. घरात ठीक आहे. पण ज्या कामावर माझं नाव आहे ते मला तपासता आलं पाहिजे. तिथेही दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं असेल तर मला ती नोकरीच नको. मी हे पाठवणार नाही, घाईबाई."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं. ती उठून, भिंतीला हात लावत, आतल्या खोलीत गेली. मी तिथेच बसून रडले. रागानं रडले, आणि राग कुणावर काढावा ते कळेना म्हणून दुसऱ्या दिवशी सरांवर काढला.

"सरळ सांगायचं ना!" मी लॅबमध्ये शिरल्या शिरल्या सुरू झाले. "वाचता येतं का म्हणे! असं कोड्यात बोलायचं असतं का? माझ्या बहिणीला दिसत नाही. ती आता पाठवणारच नाही म्हणते. शुक्रवार आला तोंडावर!"

सर म्हणाले, "तुझ्या बहिणीला दिसत नाही हे मला माहीत नव्हतं. पण प्रश्न अर्धवट सोडून मी जायला नको होतं. बस." त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला, आपल्या मशीनवर ताईच्यासारखाच वाचक सुरू केला आणि हात पुढे करून स्क्रीन बंद केली. काळी ठिक्कर.

"आता दाखव मला तुझं पान."

मी काय दाखवणार? कपाळ?

"मग हे ऐक," ते म्हणाले आणि दुसरं पान उघडलं. काच अंधारीच, पण हेडफोनमधून आवाज आला: "मथळा, पातळी एक: मला भूक लागली आहे."

पहिल्या तासाचं माझं ते पान! सरांनी सगळ्यांची ठेवली होती. पुढच्या तासांना परिच्छेद आणि यादी जोडलेलं, तरी कसलाही रंग नसलेलं, बावळट पान. पण ते बोलत होतं. मथळा आहे म्हणून सांगत होतं, खाली परिच्छेद आहे म्हणत होतं. यादीपाशी आलं तर यादीत किती गोष्टी आहेत तेही आधी सांगून मग एकेक वाचत होतं. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला.

"सर, हे ह्याला कुणी सांगितलं?"

"तू. तूच नाही का कंस लावलेस?"

"पण मला वाटलं, त्या कंसानं अक्षर मोठं होतं!"

"मोठं होतं ते नंतर. आधी तू सांगतेस की हा मथळा आहे. मग ज्याला डोळे आहेत त्याला ब्राउझर तो मोठा करून दाखवतो, ज्याला कान आहेत त्याला मथळा म्हणून ऐकवतो. तू फक्त खरं काय ते सांगायचं. तू आधी कळस बांधलास, पाया राहिला."

मला वाटत होतं, आपण रंगरंगोटी शिकतोय. मी त्या बंद स्क्रीनकडे बघत बसले आणि मला कळत होतं की तिच्यामागे माझी वाक्यं अजून उभी आहेत, आपापल्या जागी, उजेड असो नसो. माझ्यासारख्या मुलीनं भुकेपोटी खरडलेलं वाक्य कुठल्याही अंध माणसाला कुठेही बसून वाचता आलं असतं, आणि मला ते माहीतच नव्हतं. एवढी ताकद हातात देताना कुणी निदान बजावून तरी द्यावं! माझे डोळे भरून आले. सरांनी समजूतदारपणे दुसरीकडे बघितलं.

उरलेल्या दिवसांत मी पान मुळापासून पुन्हा लिहिलं. सगळी चित्रं काढून टाकली. ताईचं नाव: मथळा. प्रत्येक आवाज: छोटा मथळा, त्याखाली तो कुठे, कधी घेतला त्याचा परिच्छेद, त्याखाली खरंखुरं बटण, ज्यावर नुसतं 'ऐका' नाही तर 'पूल उचलतानाचा आवाज ऐका' असं लिहिलेलं. कोणता आवाज कधीचा, हे ताईला विचारायला मी गेले तेव्हा ती आधी तुटक बोलली.

"कशाला विचारतेस? पाठवायचं नाहीये ना आपल्याला."

"नको पाठवूस. माझ्या गृहपाठाला हवंय."

थाप होती, पण तिनं सांगितलं, आणि सांगता सांगता रंगून गेली. बर्फाच्या लादीचा आवाज घेताना बोटं कशी बधिर झाली होती, लिफ्टवाला कसा तिला पाहून मुद्दाम दार हळू लावायचा आणि मग आवाजच यायचा नाही. मी लिहून घेत होते.

शेवटी सगळं बोलायला लागल्यावर मी रंगांची वेगळी फाइल जोडली आणि पुलाची ती गडद रात्र, ती चंदेरी अक्षरं, सगळी परत आली, पान एका अक्षरानंही न बदलता. मी ती फाइल काढून बघितली, लावून बघितली, पुन्हा काढली. कितीतरी वेळ तोच खेळ. लांबू म्हणाला, "वेड लागलंय का?" म्हटलं, "हो, लागलंय. तूही बघ." तोही बघत बसला.

राहिला होता एक फोटो. ग्रंथालयानं उमेदवाराचा फोटो मागितला होता. ताई खिडकीशी बसून आपलेच जुने आवाज ऐकत होती तेव्हा मी तो काढला होता. फार चांगला आला होता. पण वाचकाला फोटो दिसत नाही. तो कशाचा आहे हे आपण लिहून ठेवावं लागतं आणि वाचक ते लिहिलेलं वाचतो. मी लिहिलं, 'ताईचा फोटो'.

"हे तिला आधीच माहिती आहे," सर म्हणाले. "फोनवर कुणाला सांगावं तसं सांग. काय दिसतंय?"

काय दिसतंय? मी फोटोकडे बघितलं आणि की-बोर्डवरचा हात मागे घेतला. ताईचे केस पांढरे झाले होते. तापानंतर झाले, एका वर्षात. एकदा तिनं आईला विचारलंही होतं, माझ्या देखत, "केस पिकले का गं माझे?" आई तिची वेणी घालत होती. पांढरी शुभ्र वेणी हातात धरून आई म्हणाली, "छे! काळेभोर आहेत." आणि माझ्याकडे बघून डोळे वटारले.

आता काय लिहू? काळे लिहावं, तर ताई ज्या पानाची स्वतः खात्री करून घेणार, त्याच पानावर मी तिला फसवणार. आणि खरं लिहावं, तर शुक्रवारी ती ते ऐकणार, एकटी, यंत्राच्या तोंडून, आणि मग कुठलं पान आणि कुठली नोकरी! केसांचा उल्लेखच गाळावा, हाही विचार मनात आला. पण फोटोत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते केसच. ग्रंथालयातल्या माणसांना ते दिसणार आणि जिचे आहेत तिलाच माहीत नसणार. पुन्हा तेच: सगळ्यांना दिसतं, फक्त मला नाही.

मी लिहिलं. पुन्हा वाचून बघितलं नाही, नाहीतर पुसलं असतं.

शुक्रवारी दुपारी मी ताईपुढे कॉम्प्युटर ठेवला. म्हटलं, "तपास. नाही आवडलं तर नको पाठवूस, मी एक शब्द बोलणार नाही." आईची त्या दिवशी अर्धी सुट्टी होती, ती तिथेच जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. बसवतच नव्हतं.

ताईनं कळ दाबली. किरकिर सुरू झाली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचा चेहरा मी वाचू शकत होते. ती थबकली. मग तिची बोटं पळायला लागली. मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत ती खाली गेली, वर आली, मध्येच थांबून परिच्छेद ऐकला, पुन्हा वर. कुणाला काही न विचारता! एखाद्या घरात राहून आलेलं माणूस अंधारातही जसं बरोबर वळतं, तशी ती माझ्या पानात फिरत होती. बटण दाबलं, आणि खोलीत पूल उचलला गेला. साखळ्या, मग लोखंडाचा तो खोल हुंकार, मग खालचं पाणी. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी जन्मात असं काही बघितलं नव्हतं. मी लिहिलेल्या कंसांतून माझी ताई चालत होती.

"पुलाखाली 'सकाळ' लिहिलंयस," ताई म्हणाली. "ती संध्याकाळ होती. बदल."

तिचा आवाज कामावरचा होता. रेडिओवरचा, जुना. मी धावत जाऊन बदललं आणि पुन्हा चौकटीपाशी आले.

ताई पुढे गेली आणि फोटोपाशी पोचली. मला ते कळलं, कारण तिची बोटं थांबली. किरकिर पुन्हा एकदा झाली. ती तसूभर हलली नाही. मग तिनं असं काहीतरी केलं जे मी तिला तोवर फक्त आमच्यासाठी करताना पाहिलं होतं. तिनं वाचकाचा वेग कमी केला, अगदी कमी, आणि कळ दाबली.

वाचक सावकाश, स्पष्ट, कसलाच भाव नसलेल्या आवाजात म्हणाला: "चित्र. खिडकीशी बसलेली एक बाई. कानांवर मोठे हेडफोन, डोळे मिटलेले, मान जराशी कलती. लांब वेणी खांद्यावरून पुढे आली आहे. केस सगळे पांढरे आहेत. कपाळावर एक आठी. आपल्या आवडीचं काहीतरी ऐकते आहे, हे तिच्याकडे बघताच कळतं."

आईनं तोंडावर हात ठेवला. मी चौकट घट्ट धरली.

ताईनं ते पुन्हा लावलं. 'केस सगळे पांढरे आहेत.' मग हात मागे नेऊन वेणी पुढे घेतली आणि तिच्या टोकापर्यंत बोटं फिरवली, जणू रंग हाताला लागेल.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"तापापासून."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मला वाटलं, संपलं सगळं. आता ही उठणार, भिंतीला हात लावणार आणि आत जाणार.

"आई," ताई म्हणाली, "माझे केस पिकले हे मला वेबसाइटवरून कळावं?"

आई रडायलाच लागली. "तुला आधीच काय कमी दुःख होतं गं! म्हटलं निदान हे तरी..."

"बाकी पान ठीक आहे, घाईबाई," ताई माझ्याकडे तोंड करून म्हणाली. ती तिथेच बसलेली होती. "फोटोखालचं तसंच राहू दे. आठी पण राहू दे. बाकीचंही सगळं असंच खरं लिहिलं असशील, असं आता धरून चालते." तिनं ग्रंथालयाचा मेल उघडला, पत्ता टाकला, एकदा ऐकला आणि पाठवला. मला हात लावू दिला नाही. 'मेल पाठवला,' असं वाचक म्हणाला तेव्हा मी तिथेच दारात फतकल मारून बसले.

ताईनं खुर्ची आईच्या दिशेनं वळवली.

"आता सांग," ती म्हणाली. "आणखी काय काय बदललंय?"

"काही नाही गं, सगळं आहे..."

"आई."

आईनं पदरानं डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं, पण या वेळी डोळे वटारले नाहीत. "न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली आहे," ती हळूच म्हणाली. "मोठी. नकाशासारखी. पडदे विटलेत. तुझा निळा सदरा आता निळा म्हणायच्या लायकीचा राहिला नाही." बोलता बोलता तिला जोर आला. "समोरचं झाड तोडलं."

"ते कळलं मला. पक्षी गेले त्याच दिवशी."

"बोलली नाहीस कधी?"

"तू म्हणालीस झाड आहे, तर म्हटलं असू दे."

मग आई एकदम म्हणाली, "आणि मी म्हातारी झाले आहे. हातांवर डाग पडलेत. पुढचे दोन दात पडलेत माझे, गेल्या वर्षी. तुला सांगितलं नाही."

ताई हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तेही माहिती आहे गं. तू 'सगळं तस्संच आहे' म्हणतेस ना, तेव्हा शिट्टी वाजते."